व्याह्यांकडे धाडलेलं पाणी

समुद्राच्या पाण्याचं रसायनशास्त्र शिकून मी सोलापुरात राहते, हे कळलं की माणसं हमखास हसतात. भवानी पेठेतले आमचे शेजारी अजून विचारतात, "काय मॅडम, आला का समुद्र वेशीपर्यंत?" पूर्वी मीही हसायचे. आता सांगते, की समुद्र इकडे येत नाही, आपलं गटार तिकडे जातं. सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि पार पूर्वेच्या समुद्रात. त्यावर ते चहाचं विचारतात आणि विषय बदलतात.

कोकणातल्या एका खाडीवर मी काही वर्षं नमुने गोळा करायचं काम केलं. ऐकायला हे हमालीसारखं वाटतं आणि बरंचसं तसंच असतं. पहाटे होडीत बसायचं, भरतीची वेळ गाठायची, ठरल्या जागी थांबून पाणी काढायचं. खोलातलं पाणी हवं असेल तर दोन्ही टोकांना उघडं असलेलं नळकांडं दोरीला बांधून खाली सोडायचं. मग त्याच दोरीवरून एक पितळी वजन सोडायचं. ते खाली जाऊन आपटलं की दोन्ही झाकणं मिटतात आणि त्या खोलीवरचं पाणी आत कोंडलं जातं. वर येताना त्यात दुसरं पाणी मिसळत नाही. मला ते झाकण मिटल्याचा दोरीतून हाताला येणारा हिसका फार आवडायचा.

आमच्या प्रमुख बाई कडक होत्या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, तोंडाच्या आत बोट जाऊ द्यायचं नाही, होडीच्या इंजिनाच्या बाजूनं पाणी घ्यायचं नाही, बर्फात ठेवायचं, आणि काही झालं तरी पाण्याला सुधारायचं नाही. हा त्यांचा शब्द, सुधारायचं. गाळ आला तर गाळासकट, घाण आली तर घाणीसकट. एकदा मी बाटलीत आलेला शेवाळाचा तुकडा चिमटीनं काढून टाकला, तर त्यांनी अख्खी बाटली खाडीत ओतायला लावली आणि होडी परत वळवली. तेव्हा राग आला होता. पुढे मीच तशी झाले, बहुधा त्यांच्यापेक्षा वाईट.

खाडीनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. पाणी नेहमी वरून खालीच जातं असं आपण धरून चालतो. खाडीत तसं नसतं. भरती आली की समुद्र आत घुसतो, नदीला मागं ढकलतो, आणि खाली सोडलेली घाण वरच्या गावाच्या काठाला लागते. वरचे लोक म्हणतात, आमच्या वर तर कारखानाच नाही. त्यांचंही बरोबरच असतं.

आई गेली, वडील एकटे पडले, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं, म्हणून मी परत आले. एका महाविद्यालयाला जोडलेली पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा होती, तिथं लागले. बोअरचं पाणी, टाकीचं पाणी, शाळांचं पाणी, हेच आता माझं क्षेत्र. लोक पाणी कशातून आणतील याचा नेम नसे. गोड पेयाच्या बाटलीतून, तेलाच्या डब्यातून, औषधाच्या बाटलीतून. एक गृहस्थ तर बार्शीहून तांब्यात पाणी घेऊन आले, वर फडकं बांधून, एसटीतून. निम्मं त्यांच्या धोतरावर सांडलं होतं. मी त्यांना जे बोलले ते आठवून आजही थोडी शरम वाटते, पण थोडीच. सकाळी सकाळी माझ्या तोंडाला लागू नये असं विभागात सगळ्यांना माहीत होतं.

बहिणीचं सासर मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. ऊस, दोन म्हशी, बरं घर. नवरा शांत स्वभावाचा, सासू लवकर विधवा झालेली, एकटीनं मुलगा आणि जमीन सांभाळलेली बाई. माणसं चांगली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडलेय आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. वाईट माणसं असती तर माझं काम सोपं झालं असतं.

दिवाळी होऊन गेल्यावर तिचा फोन आला. ती गरोदर होती, पहिलंच, सहावा सरत आला होता. पोटातलं बाळ कसं लाथा मारतं, सासूबाई कशा रोज खोबरं-खारीक करून देतात, सगळं सांगून झाल्यावर जाता जाता म्हणाली, "आक्का, विहिरीच्या पाण्याला हल्ली वास येतोय बघ. बंधाऱ्याच्या फळ्या टाकल्यापासनं. आणि गावात कावीळ निघालीय."

"कुठल्या बाजूला?"

"आमच्याच गल्लीत की. विहिरीच्या अंगाला."

मी खुर्चीवर बसले. दूषित पाण्यानं होणारी कावीळ सगळ्यांना ठाऊक असते. माणूस पिवळा पडतो, उसाचा रस पितो, कुणाकडून तरी औषध घेतो आणि बहुतेक वेळा उठून बसतो. पण पोट पुढं आलेल्या बाईला ती झाली तर गोष्ट वेगळी असते. सातव्या महिन्यानंतर तर फारच. यकृत एकाएकी हात टेकतं आणि मग डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही. हे मला माहीत होतं. तिला मी सगळं सांगितलं नाही, गरोदर बाईला काय घाबरवायचं. एवढंच म्हणाले, "आजपासून पाणी उकळून पी. आणि ओटीभरणापर्यंत थांबू नकोस, लगेच इकडे ये."

"अगं, असं कसं? सासूबाईंनी पाव्हणेरावळे सांगून झालेत. साडी आणलीय. सातवा लागल्यावर ओटी भरतील, मग तूच ये की न्यायला."

मी फार ताणलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा ट्रॅक्टरचं काहीतरी सामान घ्यायला सोलापुरात आला, त्याच्याकडे मी निर्जंतुक केलेली बाटली दिली आणि बर्फाचा डबा दिला. समजावून सांगितलं. पोहरा विहिरीत सोडायचा, आलेलं पाणी थेट बाटलीत, झाकण, बर्फ, आणि पहिल्या एसटीनं इकडे. मध्ये काहीही करायचं नाही. तो प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होता. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं असणार, "सोलापूरच्या ताईंनी आपल्या हिरीचं पानी मागिवलंय." झालं. बाकीचं सगळं त्या एका वाक्यात बुडालं.

पाणी आलं ते ओल्या फडक्यात गुंडाळून. बाटली बाहेरून घासूनपुसून लखलखीत केलेली. सोबत शेंगाचटणीचा डबा, ज्वारीच्या कडक भाकरी आणि वडिलांसाठी वेगळी बांधलेली गुळाची ढेप. मला हसू आलं. आयुष्यात शेकडो नमुने पाहिले, पण भाकरी घेऊन आलेला हा पहिलाच. पाणी इतकं स्वच्छ होतं की बाटली रिकामी वाटावी.

जंतूंची तपासणी मी त्याच दिवशी लावली. काचेच्या नळ्यांत पोषक द्राव घालून त्यात नमुना मिसळतात आणि उबेत ठेवतात. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर नळ्या गढुळतात आणि आतल्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. दोन दिवस ठेवूनही एकही नळी गढुळली नाही. मला बरं वाटलं आणि थोडं नवलही वाटलं. बहिणीला फोन करून सांगितलं, "जंतू दिसले नाहीत. पण बाकीच्या तपासण्या व्हायच्यात, तोवर उकळणं सोडू नकोस." ती "बरं" म्हणाली. तिच्या आवाजातला सुटकेचा सूर मला आजही ऐकू येतो. सासूबाईंनी तर त्याच संध्याकाळी गल्लीत सांगितलं म्हणे, की आमच्या सुनेच्या बहिणीनं मशिनीवर बघितलं, आपली विहीर चांगली हाय.

चार-सहा दिवसांनी मी त्या पाण्याचा जडपणा काढायला घेतला. जडपणा म्हणजे पाण्यातले क्षार. ही तपासणी मी झोपेतही करू शकते. नमुन्यात रंग घालायचा, तो लालसर होतो, मग वरून दुसरा द्राव थेंब थेंब सोडत राहायचं, शेवटी लाल जाऊन निळा येतो. जितकं जड पाणी तितका वेळ लागतो. आमच्याकडे तर विचारूच नका. काळ्या खडकातल्या विहिरी. साबण फेसाळत नाही, हंड्याला पांढरी पुटं चढतात. म्हणून मी सवयीनं तोटी उघडी ठेवून खिडकीबाहेर बघत उभी राहिले. वळून पाहिलं तर पाणी कधीच निळं झालेलं.

पुन्हा केलं. द्राव बदलून केलं. दरवेळी तेच. मोहोळ तालुक्यातल्या विहिरीचं पाणी इतकं हलकं असूच शकत नव्हतं. क्षार पाण्यातून असे आपोआप उठून जात नाहीत. ते जातात एकाच घरगुती उपायानं, पाणी उकळलं की. पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो ना, तेच ते.

मी तिथूनच फोन लावला. "ते पाणी कुठलं होतं?"

"विहिरीचंच की."

"त्याला काय केलं?"

"काही नाही गं. सासूबाईंनी उकळलं, धोतराच्या धडप्यानं गाळलं आणि नव्या मडक्यात निववलं. व्याह्यांच्या घरी जायचं म्हणाल्या, गढूळ कसं द्यायचं."

मी ओरडले. काय बोलले ते आठवत नाही, पण बाजूच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. मग माझ्या एकदम ध्यानात आलं आणि मी आवाज खाली आणून विचारलं, "तू कसलं पाणी पितेस?"

"सगळे पितात तेच."

"मी उकळून पी म्हणाले होते ना?"

"आक्का, घरात सगळे माठातलं पितात. मी एकटीनं माझं वेगळं पातेलं कसं मांडू? वाईट दिसतं ते. आणि तूच तर म्हणालीस, जंतू नाहीत."

नमुना म्हणून घरातून बाहेर जाणारं पाणी उकळलं होतं. घरात राहणाऱ्या पोटुश्या बाईचं पाणी मात्र विहिरीतून आलं तसंच होतं. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. आमच्याकडे असंच असतं, चांगलं ते पाहुण्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघाले. मोहोळला उतरले, तिथून जीप. खांद्याला बाटल्यांची पिशवी, बर्फाचा डबा, दोरी. वाटेत माझ्या डोक्यात फक्त एक विचार होता, की तिला आज सोबत घेऊनच परत यायचं, ओटी भरो न भरो. पण नमुनाही घ्यायला हवा होता, त्या सगळ्या गल्लीसाठी. म्हणून घरी जाण्याआधी मी विहिरीवर थांबले. कुणीतरी घरी वर्दी दिली असणार, कारण थोड्याच वेळात तिची सासू डोक्यावरचा पदर सावरत तिथं आली.

नदीवर बंधारा होता. पावसाळा सरला की त्याच्या खांबांमध्ये फळ्या बसवतात, पाणी अडतं, उसाला मिळतं. गावाच्या कडेनं एक नाला येऊन नदीला मिळत होता आणि त्यातून वरच्या वस्त्यांचा सगळा मैला वाहत यायचा. एरवी तो नदीत जाऊन पुढं निघून जाई. आता नदी फुगून उभी होती आणि नाल्याला पुढं जायला वाट नव्हती. मी उसाचं एक वाळलं पान नाल्यात टाकलं. ते नदीकडे न जाता सावकाश गावाकडे निघालं. खाडीत भरतीला मी हे किती वेळा पाहिलं होतं. पान ज्या दिशेनं चाललं होतं तिथं काठापासून हाकेच्या अंतरावर ती विहीर होती.

पाण्यात जीव किती उरलाय हे बघायची जुनी पद्धत आहे. काचेची बाटली एकही बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि तिथल्या तिथं दोन औषधं घालून बूच लावायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो. जितका वायू तितका गडद. नसेलच तर तो पांढरा राहतो. नाल्याची बाटली मी हलवून कठड्यावर ठेवली. साका खाली बसू लागला. पांढरा, दह्याच्या कवडीसारखा.

पाणी भरायला आलेल्या बायका वाकून बघत होत्या. बहिणीची सासू माझ्या अगदी जवळ उभी होती. तिचा चेहरा खुलला. "ताई, पांढरं निगालं की. म्हंजे चांगलं न्हवं का?"

"नाही मावशी," मी म्हणाले. "पांढरं म्हणजे त्यात जगण्यासारखं काही नाही."

ती हळूच म्हणाली, "त्या दिशी म्या पानी तापवून धाडलं. तुमी रागावलासा म्हनं."

"मावशी, मला तुमच्या विहिरीचं पाणी हवं होतं. तुमच्या चुलीवरचं नाही."

"तुमचंबी खरं हाय. पर लेकीच्या म्हायारी जायाची वस्तू. घान पानी धाडलं तर तुमचं वडील काय म्हनतील, ह्या घरात पोर दिली व्हय म्हनून?" तिचे डोळे भरले होते. "ह्ये तपासायला जातंय का प्यायाला, त्ये मला कुटं उमगलं."

मी दोरीला बाटली बांधून विहिरीत सोडली. पोहऱ्यानं नाही, खोलातलं पाणी हवं होतं. वर आलेल्या पाण्यातून एक बाटली जंतूंच्या तपासणीसाठी भरली, दुसरीत ती औषधं घातली. विहिरीच्या पाण्याचा साका नाल्यापेक्षा बरा निघाला, पण फिका. जंतूंची बाटली मी बर्फात ठेवली, पिशवी बांधली आणि घराकडे निघाले.

बहीण ओसरीवर सोप्याच्या खांबाला टेकून बसली होती. मला बघून उठायला लागली. मी म्हणाले, बस. ती हसली आणि म्हणाली, दोन दिवस झाले, तोंडाला चवच नाही बघ, जेवणाचा वास आला तरी मळमळतं. मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला कडेनं पिवळी झाक होती. हळदीचं बोट लागावं तेवढीच. मी इतकी वर्षं रंगांवरून निकाल सांगत आलेय. हा निकाल मी कुणाला मोठ्यानं सांगितला नाही.

त्याच जीपनं तिला सोलापुरात आणलं. ओटीची साडी सासूनं घाईघाईनं तिच्या पिशवीत कोंबली. येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि मध्येच जागी होऊन विचारत होती, "आक्का, लई काही नाही ना गं?" मी नाही म्हणाले. दवाखान्यात पहिले दोन दिवस ती बोलत होती. मग असंबद्ध बोलायला लागली, मला आई म्हणायला लागली. मग बोलायची थांबली. बाळ आधी गेलं, पोटातच. ती त्यानंतर गेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मला आजही कुणी त्यातलं बारीकसारीक विचारलं की संताप येतो, म्हणून इथं एवढंच.

विहिरीच्या नमुन्याच्या नळ्या उबेत ठेवल्या होत्या, त्या मी अंत्यविधीनंतर जाऊन पाहिल्या. दुसरं कुणी बघितलं असतं तरी चाललं असतं, पण मला जायचं होतं. सगळ्या गढुळलेल्या, सगळ्यांत बुडबुडे. बघताना मला रडू आलं नाही. मला त्या बाईचा राग आला. तिच्या नव्या मडक्याचा, तिच्या धोतराच्या धडप्याचा, भाकरीचा, गुळाचा, सगळ्याचा राग आला. तो राग मी जपून ठेवला. वडील खिडकीशी बसून असायचे आणि मी त्यांच्यासमोर भांडी आदळायचे.

गावाला निकाल कळवला. काही दिवस टँकर आला. बंधाऱ्याच्या फळ्या काढायची गोष्ट निघाली, पण ऊस उभा होता, त्यामुळे ती निघाली तशीच विरली. विहिरीत औषधाची पूड टाकायला लागले. आणखी काही जणांना कावीळ झाली आणि ते बरे झाले. बरे झाल्याचं ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी बहिणीची सासू प्रयोगशाळेत आली. एकटी. शिपायानं येऊन सांगितलं, कुणी गावाकडची बाई आलीय, नमुना नाही आणला. मी बाहेर आले तर व्हरांड्याच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेली. निम्मी झाली होती. उन्हात एसटी स्टँडपासून चालत आली होती. मी पाणी दिलं, तिनं ते घेऊन शेजारी ठेवून दिलं.

"ताई, येक इचारायचंय," ती म्हणाली. "पोराला इचारलं तर त्यो उटून जातो. म्हून तुमच्याकडं आले. म्या त्ये पानी तापवलं नसतं, हाय तसं धाडलं असतं, तर माजी पोर वाचली असती का?"

हा प्रश्न ती कधीतरी विचारणार हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. भांडी आदळताना, बसमध्ये, न्हाणीत, मी तिला उत्तर देऊन झाले होते. दरवेळी मी हो म्हणाले होते. हो, वाचली असती. तुमच्या पाहुणचारानं ती गेली. हे म्हटल्यावर मला मोकळं वाटेल अशी माझी खात्री होती.

पण ती समोर बसली होती आणि उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा मला खरं काय ते आठवलं. ही कावीळ पाणी प्यायल्याबरोबर दिसत नाही. ती अंगात कित्येक आठवडे लपून राहते आणि मग डोळ्यांत येते. बंधाऱ्याच्या फळ्या टाकल्यापासून बाटली भरेपर्यंत बहीण तेच पाणी पीत होती. कदाचित तो घोट तिनं बाटली गावात यायच्या आधीच घेतला असेल. कदाचित नंतर, माझा फोन झाल्यावर, निर्धास्त होऊन घेतला असेल. कुठल्या दिवसाच्या कुठल्या तांब्यातून, हे सांगणारी तपासणी जगात नाही. तिला मी हो म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं. नाही म्हणाले असते तर तेही.

मी तिला हे सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी मी म्हणाले, "मावशी, सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही."

तिनं माझा हात धरला. आजवर ती मला अहोजाहो करायची.

"पोरी, काय तरी येक म्हन," ती म्हणाली. "न्हाय म्हनलीस तर मी झोपंन. व्हय म्हनलीस तर मी रडंन तरी. ह्ये मदलंच घिऊन मी काय करू गं?"

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. माझ्याकडेही तेवढंच होतं.